आलेला फोन ठेवा, मग कॉम्प्युटर बघू

सदाशिव पेठेतल्या घराघरांतल्या कॉम्प्युटरांची कुळकथा साधारण सारखीच असते. मुलाच्या इंजिनिअरिंगच्या वेळी टिळक रस्त्याच्या आसपासच्या एखाद्या दुकानातून असेम्बल करून आणलेला डेस्कटॉप. मुलगा आता बंगळूरला किंवा परदेशात, मशीन इथेच. त्यावर आजोबा बँकेतली शिल्लक बघतात, आजी आठवणी टाइप करतात, महावितरणचं आणि गॅसचं बिल भरलं जातं आणि रविवारी सकाळी नातवंडांशी बोलणं होतं. या मशीनला दुरुस्ती करणारा लागतो तो वर्षाकाठी एखाददुसऱ्या वेळी. त्या मशीनचं नाव सांगून घरात शिरू पाहणारे मात्र कधीही फोन करतात. म्हणून बिघाड कसा काढायचा आणि फसवणूक कशी ओळखायची, या दोन्ही गोष्टी एकत्रच सांगतो. दोन्हींना एक प्रश्न लागू पडतो: घाई कोणाला आहे? बिघडलेल्या कॉम्प्युटरला घाई नसते, तो उद्या सकाळपर्यंत निवांत थांबतो. ‘आत्ताच्या आत्ता करा’ असं जो म्हणतो, तो दुरुस्तीला आलेला नाही.

आधी बिघाड. मशीन अजिबात सुरू होत नसेल, तर निम्म्या वेळा दोष कॉम्प्युटरच्या बाहेर असतो. भिंतीतलं बटण, एक्स्टेंशन बोर्ड, डब्याच्या मागची सैल झालेली वायर, मागच्या बाजूचं ते छोटं बटण जे केर काढताना चुकून बंद होतं. मॉनिटर काळा आहे, पण पंखा फिरतोय? मग मॉनिटरची केबल दोन्ही टोकांनी काढून पुन्हा घट्ट बसवा. पुण्यात देखभालीसाठी वीज बहुधा गुरुवारी जाते, त्यामुळे यूपीएस बहुतेकांकडे असतो. पण त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांत म्हातारी होते, हे लक्षात राहत नाही. वीज गेल्याक्षणी कॉम्प्युटरही बंद पडत असेल, तर यूपीएस फेकू नका, आतली बॅटरी बदलून घ्या. यूपीएसला लेझर प्रिंटर मात्र जोडू नका. तो एका झटक्यात एवढा भार ओढतो, की यूपीएस कोलमडतो.

पावसाळ्यात आणखी एक प्रकार होतो. मशीन सुरू होताना बीप-बीप करतं आणि पडदा उजळत नाही. बहुतेकदा हे रॅमच्या पट्टीचं दुखणं असतं. तिच्या सोनेरी दातांवर दमटपणाने थर चढतो. दुरुस्ती करणारा येऊन पट्टी काढतो, शाळेतल्या खोडरबराने दात पुसतो, पुन्हा बसवतो आणि भेटीचे पैसे घेऊन जातो. हात स्थिर असेल तर हे घरीही जमतं. मात्र आधी वायर भिंतीतून काढायची, सुरू करायचं बटण काही सेकंद दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्यायची, डब्याच्या आतल्या पत्र्याला हात लावायचा आणि मगच पट्टीला. पॉवर सप्लायचा डबा कोणीही, कधीही उघडू नये. वीज काढल्यावरही त्यात विजेचा साठा उरतो.

जुन्या वाड्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. डब्याच्या पत्र्याला उघडा पाय किंवा हात लागला की मुंग्या येतात, अशी तक्रार असते आणि ‘कॉम्प्युटर करंट मारतो’ म्हणून मशीनच बदललं जातं. दोष बहुतेकदा मशीनचा नसतो, घराच्या वायरिंगचा असतो. पॉवर सप्लायमधला फिल्टर थोडी वीज पत्र्याकडे सोडतो आणि ती अर्थिंगच्या तारेतून जमिनीत जाणं अपेक्षित असतं. वाड्यातल्या जुन्या दोन पिनांच्या सॉकेटला ती तारच नसते. तीन पिनांचं सॉकेट बसवून उपयोग नाही, त्याच्या मागे खरी अर्थिंग आहे की नुसतंच भोक, हे वायरमनकडून तपासून घ्या. नवा कॉम्प्युटर आणण्याआधी हे काम करा. ते स्वस्तही आहे आणि माणसाच्या जिवाशी संबंधित आहे.

‘नेट आहे, पण साइट उघडत नाहीत’ हीसुद्धा नेहमीची तक्रार. नेटवाल्याला फोन करण्याआधी पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख बघा. डेस्कटॉप आठ-दहा वर्षांचा झाला की मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपतो आणि रात्री मेन बटण बंद केलं की घड्याळ भलत्याच वर्षात जातं. सुरक्षित साइटचं प्रमाणपत्र तारखेवर तपासलं जातं, त्यामुळे तारीख चुकली की बँकेची साइट ‘असुरक्षित’ ठरते. सीआर 2032 नावाचा हा सेल घड्याळाच्या कुठल्याही दुकानात किरकोळ किमतीला मिळतो.

वाय-फायचं रडगाणंही पेठेत वेगळं आहे. वाड्याच्या जाड दगड-मातीच्या भिंतींपुढे पाच गिगाहर्ट्झचा सिग्नल टिकत नाही. राउटर बहुतेकदा दोन नावांचे सिग्नल सोडतो. मधल्या खोलीपलीकडे 2.4 चा पकडा, वेग थोडा कमी, पण पोचतो तरी. त्याहून उत्तम म्हणजे एक लांब केबल सरळ माडीवर नेणं. जाहिरातीतल्या महागड्या राउटरपेक्षा ही केबल जास्त विश्वासाची. राउटरला हात घातलाच आहे, तर त्याच्या आतल्या सेटिंगचा मूळ पासवर्ड बदला. बहुतेक घरांत तो अजून ‘ॲडमिन’ असतो.

मशीन हळू झालं असेल, तर पहिला उपाय रीस्टार्ट, आणि तो रीस्टार्टच हवा. विंडोज 10 आणि 11 मध्ये ‘शट डाउन’ केलं तरी पुढच्या वेळी लवकर सुरू व्हावं म्हणून विंडोज स्वतःचा गाभा जसाच्या तसा जपून ठेवते. त्यामुळे रोज बंद करूनही आतला गुंता महिनोन्‌महिने सुटत नाही. रीस्टार्टने तो सुटतो. नंतर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. त्यात ‘स्टार्टअप’मध्ये जाऊन, मशीनबरोबर आपोआप सुरू होणारे अनावश्यक प्रोग्रॅम बंद करा. एवढं करूनही कासवगती असेल आणि आत जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल, तर ती काढून एसएसडी बसवा. जुन्या मशीनवर केलेला दुसरा कुठलाही खर्च इतका वसूल होत नाही. ‘पीसी क्लीनर’, ‘स्पीड बूस्टर’ असली सॉफ्टवेअर मात्र फुकट मिळाली तरी घेऊ नका. त्यांतली बरीचशी स्वतःच रोग असतात.

अँटिव्हायरसचं काय, हा प्रश्न पुण्यात विचारलाच जातो. क्विक हील ही अँटिव्हायरस कंपनीही इथलीच. कैलाश काटकरांनी 1990 च्या दशकात कॅल्क्युलेटर आणि कॉम्प्युटर दुरुस्तीच्या व्यवसायातून तिचा पाया घातला आणि धाकटे बंधू संजय यांनी व्हायरस काढणारा प्रोग्रॅम लिहिला. दुरुस्तीला येणाऱ्या मशीनांत व्हायरस सापडत होते, म्हणून तो लिहिला गेला. तेव्हा विंडोजमध्ये अशी सोय नव्हती. आज विंडोजबरोबर डिफेंडर येतो आणि घरगुती वापराला तो पुरेसा आहे. विकतचा घ्यायचा तर जरूर घ्या, पण एकच. दोन अँटिव्हायरस एका मशीनवर ठेवले, तर ते एकमेकांवरच संशय घेत बसतात. आणि क्रॅक केलेली विंडोज किंवा ऑफिस मशीनवर असेल, तर कुठल्याही अँटिव्हायरसची मदत अर्धीच. दुकानदार ‘टाकून देतो साहेब’ म्हणतो, तेव्हा बऱ्याचदा क्रॅक चालावा म्हणून तो अँटिव्हायरस आधी बंद करतो. पत्रं लिहायला आणि हिशेब मांडायला लिब्रे ऑफिस फुकट आहे आणि पूर्ण कायदेशीर आहे.

अपडेटचा कंटाळा सगळ्यांनाच येतो. पण 12 मे 2017 रोजी वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर व्हायरसने जगभरातली मशीनं बंद पाडली, तेव्हा त्याची वाट बंद करणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं. दोन महिने ते लोकांनी लावलं नव्हतं. जूनअखेर त्याच वाटेचा उपयोग करणारा दुसरा व्हायरस आला आणि न्हावा-शेव्याच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. विंडोज 10 ची नेहमीची अपडेट 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपली. घरगुती वापरकर्त्यांसाठी सुरक्षा अपडेटची मुदत 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत वाढवून मिळते, त्यासाठी ‘विंडोज अपडेट’मध्ये जाऊन नोंदणी करावी लागते. पुढे विंडोज 11 हवी. पण ती साधारण 2018 च्या आधीच्या प्रोसेसरवर रीतसर चढत नाही. असं जुनं मशीन फेकायचं नसेल, तर त्यावर लिनक्स मिंट टाकून घ्या. ब्राउझर, ई-मेल आणि टायपिंग एवढंच काम असेल, तर काही अडत नाही. ज्या मशीनला अपडेट मिळत नाही, त्यावर बँक मात्र उघडू नका.

मराठीत लिहिणाऱ्यांचं एक दुखणं कुठल्याच इंग्रजी मार्गदर्शनात सापडत नाही. पेठेतल्या कित्येक कॉम्प्युटरांत कौटुंबिक इतिहास, व्याख्यानांची टिपणं, अर्धवट आत्मचरित्रं श्रीलिपीच्या किंवा तशाच जुन्या फाँटमध्ये पडून आहेत. या फाँटमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. नव्या मशीनवर तो फाँट नसला, की सगळा मजकूर अगम्य चिन्हांचा ढीग होऊन समोर येतो आणि ‘व्हायरसने फाइल खाल्ली’ असा समज होतो. फाइल शाबूत असते. जुनं मशीन सुरू आहे तोवरच प्रत्येक महत्त्वाच्या फाइलची पीडीएफ काढून ठेवा आणि कन्व्हर्टर वापरून मजकूर युनिकोडमध्ये आणा. रूपांतरात जोडाक्षरं आणि रफार इकडेतिकडे होतात, म्हणून पीडीएफ समोर ठेवून एकदा वाचायला हवं. नवं लेखन मात्र युनिकोडमध्येच करा. विंडोजमध्ये मराठी कीबोर्ड फुकट आहे, उच्चारानुसार टाइप करायचाही आहे.

बॅकअप घेण्याची आठवण राहत नाही, म्हणून तो संकष्टीला घ्या. महिन्यातून एकदा ती येतेच आणि कॅलेंडरवर छापलेलीही असते. बाहेरची हार्ड डिस्क जोडा, फोटो आणि कागदपत्रं उतरवा आणि डिस्क काढून कपाटात ठेवा. ती काढणं महत्त्वाचं आहे. कायम जोडून ठेवलेली डिस्क खंडणीखोर व्हायरसने मशीनबरोबरच कुलूपबंद केली, तर बॅकअप असून नसल्यासारखा. सगळ्यात लाडक्या गोष्टींची आणखी एक प्रत घराबाहेर हवी: गूगल ड्राइव्हवर किंवा लेकीच्या घरी दुसऱ्या डिस्कवर.

आता फसवणूक. 11 ऑगस्ट 2018 रोजी पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला. कार्डांचे व्यवहार मंजूर करणाऱ्या खऱ्या यंत्रणेच्या जागी चोरांनी खोटी यंत्रणा उभी केली, 28 देशांतल्या एटीएममधून पैसे काढले आणि 13 तारखेला हाँगकाँगच्या एका खात्यातही पैसे वळवले. सगळे मिळून सुमारे 94 कोटी रुपये गेले. या प्रकरणात पुण्याच्या न्यायालयाने एप्रिल 2023 मध्ये 11 जणांना शिक्षा सुनावली. ‘एवढ्या मोठ्या बँकेचं हे झालं, तिथे आपण काय करणार’ असं ऐकू येतं. मला त्यातून उलटंच दिसतं. बँकेत शिरायला चोरांना एवढा खटाटोप करावा लागला. आपल्या घरात शिरायला त्यांना एक फोन पुरतो, कारण दार आपण आतून उघडतो. ते न उघडणं सर्वस्वी आपल्या हातात आहे.

दाराची पहिली टकटक पडद्यावर होते. अचानक सगळा पडदा लाल-निळा होतो, कर्कश आवाज येतो, ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, बंद करू नका, या नंबरवर फोन करा.’ मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो. हा व्हायरस नाही, ती एक जाहिरातवजा साइट आहे. एस्केपचं बटण दाबून धरा, पडदा लहान होईल, मग ब्राउझर बंद करा. नाही झाला तर टास्क मॅनेजरमधून करा. तेही नको वाटलं तर सरळ मशीन बंद करा. पुन्हा सुरू केल्यावर ब्राउझर ‘मागची पानं उघडू का’ विचारेल, नको म्हणा. अशा सूचना रोजच कोपऱ्यात येत असतील, तर कुठल्या तरी साइटला तुम्ही ‘अलाउ’ म्हटलेलं असतं. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये ‘नोटिफिकेशन्स’मध्ये जाऊन ओळखीच्या साइट सोडून सगळ्यांची परवानगी काढा.

दुसरा प्रकार नवा आणि जास्त वाईट. एखादी साइट ‘तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करा’ म्हणते आणि पुढे सांगते, की विंडोजचं बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. हे केलंत की तुम्ही स्वतःच्या हाताने चोराचा हुकूम मशीनला दिलात, अँटिव्हायरसला वळसा घालून. खरी तपासणी फार तर चित्रातले सिग्नल आणि झेब्रा क्रॉसिंग ओळखायला लावते, कीबोर्डवरची बटणं दाबायला कधीच लावत नाही.

आणि तिसरा, फोन. ‘महावितरणमधून बोलतोय, मागचं बिल अपडेट नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडू.’ ‘गॅसचं कनेक्शन बंद होईल.’ ‘केवायसी संपलं.’ ‘तुमच्या नावाचं पार्सल पकडलंय, व्हिडिओ कॉलवरून हलू नका, तुम्हाला डिजिटल अटक आहे.’ भारतीय कायद्यात डिजिटल अटक नावाची गोष्टच नाही. पोलिस कोणाला व्हिडिओवर बसवून ठेवत नाहीत आणि कुठलीही सरकारी यंत्रणा चौकशीसाठी पैसे ‘सुरक्षित खात्यात’ हलवायला सांगत नाही. या सगळ्या संवादांचा शेवट एकाच जागी होतो: एखादं ॲप उतरवून घ्या, स्क्रीन दाखवा, आकडा सांगा. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर ही ॲप वाईट नाहीत. सिॲटलमधला मुलगा त्यातूनच तुमचा प्रिंटर दुरुस्त करतो. फरक दिशेचा आहे. मदत हवी म्हणून तुम्ही मुलाला फोन केला, तर कोड द्या. मदत करतो म्हणून कोणी तुम्हाला फोन केला, तर ठेवा. तो बँकेचं नाव सांगो, पोलिसांचं सांगो, आवाज मुलासारखा असो. ठेवा, आणि आपल्या वहीतल्या नंबरवर आपण फोन लावा. गूगलवर ‘कस्टमर केअर’ शोधून मिळालेला नंबर वहीतला धरायचा नाही, तिथेही चोरांनी आपले नंबर पेरलेले असतात. बँकेचा नंबर कार्डाच्या मागे छापलेला असतो.

फोन ठेवणं उद्धटपणाचं वाटतं, हे ज्येष्ठांकडून फार ऐकू येतं. समोरचा ‘सर’, ‘मॅडम’ म्हणत असतो, मध्येच तोडायचं कसं? दुपारी एक ते चार दार न उघडण्यासाठी बदनाम झालेल्या पेठेने फोनवर एवढं मऊ का व्हावं, हे मला कळत नाही.

बँकेची साइट ओळखायची एक सोपी खूण आता मिळाली आहे. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत आपला पत्ता ‘डॉट बँक डॉट इन’ या शेपटीवर न्यायला सांगितलं. ही शेपटी फक्त बँकांनाच मिळते. पत्त्याचा शेवट तसा नसेल, तर पासवर्ड टाइप करू नका. मेसेजमधल्या लिंकवरून बँकेत जाऊ नका, एकदा खात्री करून पत्ता ब्राउझरमध्ये जपून ठेवा.

पासवर्ड वहीत लिहू नका, असं सगळे सांगतात. मी म्हणतो, लिहा. चोर तुमच्या कपाटापर्यंत येत नाही, तो इंटरनेटवरून येतो, आणि त्याला सोपं जातं ते सगळीकडे एकच पासवर्ड असलेलं खातं. वेगवेगळे, लांबलचक पासवर्ड वहीत लिहून वही दागिन्यांच्या कप्प्यात ठेवा. घरात अचानक कोणाचं काही बरंवाईट झालं, तर मागे राहिलेल्यांना तीच वही उपयोगी पडते. बँकेचा पिन मात्र तिथे नको. ई-मेलच्या खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावा. बाकी सगळ्या खात्यांचे पासवर्ड ई-मेलमधूनच बदलता येतात.

मशीन दुकानात दुरुस्तीला द्यायचं असेल, तर आधी बॅकअप घ्या, ब्राउझरमधून ई-मेल आणि बँकेतून बाहेर पडा. बिघाड डिस्कचा नसेल, तर डिस्क काढून घरीच ठेवा, चांगला दुकानदार हरकत घेत नाही. विंडोज 11 च्या नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद असते. मदरबोर्ड बदलला की ती 48 आकड्यांची किल्ली मागते. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असते, लॅपटॉप धडधाकट आहे तेव्हाच काढून वहीत लिहा. नंतर ती किल्ली ना दुकानदार देऊ शकतो, ना कंपनी.

आणि एवढं सांभाळूनही घात झालाच तर? क्रम महत्त्वाचा आहे: आधी पैसे, मग मशीनची दुरुस्ती. कॉम्प्युटरची नेटची केबल उपटा. कार्डाच्या मागच्या नंबरवर बँकेला सांगून खातं आणि कार्ड थांबवा. लगेच 1930 ला फोन करा, ही केंद्र सरकारची सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे. तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या साइटवरही नोंदवता येते. चोरीचे पैसे एका खात्यातून दुसऱ्यात भराभर फिरवले जातात. ते कुठल्या तरी खात्यात असेपर्यंत गोठवता येतात, एटीएममधून बाहेर पडले की नाही. म्हणून ‘संध्याकाळी मुलाला विचारून मग’ असं करू नका. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार, दोष तुमचाही नसेल आणि बँकेचाही नसेल, तर व्यवहाराची बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास तुमची जबाबदारी शून्य. ओटीपी तुम्हीच सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. बँकेला कळवल्याचा तक्रार क्रमांक आणि वेळ लिहून ठेवा. मग दुसऱ्या मशीनवरून पासवर्ड बदला आणि बिघडलेल्या मशीनवर विंडोज नव्याने टाकून घ्या. तेवढ्यासाठी दुकान उद्या उघडलं तरी चालेल.

फसलेली माणसं शरमेने गप्प बसतात. त्यांत निवृत्त प्राध्यापक असतात, डॉक्टर असतात, बँकेतून निवृत्त झालेले असतात. शरम वाटायची तर चोराला वाटू दे. तुम्ही घरच्यांना सांगा, शेजाऱ्यांना सांगा, कट्ट्यावर सांगा. आणि आज एक काम करा: 1930 हा आकडा आणि आपल्या बँकेचा नंबर ठळक अक्षरांत लिहून मॉनिटरच्या शेजारी चिकटवा. पाटी लावायला पेठेत कोणाची परवानगी लागत नाही.